दरीतला उजेड

एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या मनोरंजन-उद्यानात एक काळोखे दालन होते, आणि त्या दालनात माणसे बसल्या जागी उडत असत. समोर ओंजळीसारखा खोलगट, दुमजली उंचीचा पडदा आणि त्याच्यापुढे अधांतरी टांगलेल्या खुर्च्या. पडद्यावर सह्याद्रीवरून रात्री उडत जाण्याचे चित्रण चाले, आणि त्याबरोबर खुर्च्या झुकत, वळत, हेलकावत. शेवटी एक जागा येई. उजवीकडे चांदण्यात न्हालेला कडा, डावीकडे काळीकुट्ट दरी. खुर्च्या त्या दरीत झेपावत, आणि एरवी धीट म्हणवणाऱ्या माणसांच्याही तोंडून ‘अगं आई गं!’ निघून जाई.

हे चित्र पडद्यावर टाकणारे यंत्र जुने झाले होते. फीत झिजलेली, दिवा मंदावलेला, आणि यंत्राचे सुटे भाग कुठेच मिळेनात. तेव्हा भूपाल शेडबाळे या तरुण अभियंत्यावर सारे नवे करण्याची जबाबदारी आली. त्याने ती मनापासून पार पाडली. लेसरवर चालणारे दोन नवे प्रोजेक्टर आणले, चित्रण पुन्हा स्वच्छ करून घेतले, आणि धुळीने काळपटलेला पडदा घासून त्यावर पांढराशुभ्र रंग चढवला. पहिल्या चाचणीत कड्यावरचे गवताचे पाते न् पाते दिसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण प्रवासी येऊ लागले आणि भूपालला काहीतरी खटकू लागले. दरी येई, खुर्च्या झेपावत, आणि कोणी ओरडत नसे. माणसे शांतपणे बघत, काही जण जांभया देत. एक बाई उतरताना नवऱ्याला म्हणाल्या, “छान आहे हो. आपल्या टीव्हीपेक्षा बराच मोठा आहे.”

भूपालला ते वाक्य लागले. खुर्च्यांच्या हालचालींचे काम मृणाल खानविलकरकडे होते. तो तिला म्हणाला, “तुझ्या खुर्च्या नीट पडत नाहीत. चित्र तर आरशासारखं आहे.”

“खुर्च्यांना मी हातही लावलेला नाही,” मृणाल म्हणाली. “बदललंय ते तुझं चित्र. दोष तिथे शोध.”

तो एक बोले, ती दोन बोले. रोजच्या बैठकीत हेच. भूपालने चिडून प्रोजेक्टरचा प्रकाश आणखी वाढवला. प्रवासी आणखीच निर्विकार झाले. शेवटी उद्यानाच्या मालकांनी दोघांना बोलावून सांगितले, की दिवाळीच्या सुटीपर्यंत फरक पडला नाही तर हे दालन मोडून तिथे पाण्याच्या घसरगुंड्या उभारल्या जातील. मग या दोघांचे तिथे काय काम उरणार, हे त्यांनी बोलून दाखवले नाही. दाखवायची गरज नव्हती.

त्या आठवड्यात भूपाल कोल्हापूरला गेला. नसीमा मुजावर या त्याच्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षिका. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, पण त्यांच्या हाताखाली शिकलेली मुले अडली की त्यांच्याच दारात येत. बाईंनी सारे ऐकून घेतले. त्यांच्या डोळ्यांत एक निराळीच चमक आली.

“मला नेशील तिथे? मी असं काही कधी बघितलेलं नाही.”

दालनात आल्यावर बाई खुर्चीत बसल्या नाहीत. त्यांनी भूपालला शेवटचे दृश्य लावून तसेच थांबवून ठेवायला सांगितले. मग काठी टेकत त्या थेट पडद्याच्या डाव्या अंगाला, दरीपाशी गेल्या आणि तिच्यापुढे तळहात धरून उभ्या राहिल्या.

“भूपाल, इथे तुझं यंत्र काय टाकतंय?”

“काहीच नाही, बाई. ती काळोखी दरी आहे. तिथे काळं म्हणजे काळंच.”

“मग माझ्या हातावरच्या रेषा मला कशा दिसतायत?”

भूपाल जवळ गेला. खरेच, दरी काळी नव्हती. पाणी घातलेल्या दुधाची असते तशी एक फिकट साय तिच्यावर पसरली होती.

“उजेड आला कुठून?” बाईंनी विचारले आणि काठी टेकत त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

भूपालने दाराच्या फटी बुजवल्या. बाहेर जाण्याच्या वाटेवरचा हिरवा दिवा झाकला. प्रोजेक्टरच्या काचा पुसल्या, भिंतीवर काळे पडदे सोडले. प्रत्येक वेळी तो परत येऊन हात धरून बघे, रेषा दिसतच. दुसऱ्या दिवशी तो थकून म्हणाला, “बाई, मी उजेडाच्या सगळ्या वाटा बंद केल्या.”

“बरं. आता एक कर. हा पडदा राखाडी रंगव. चुलीतली राख असते ना, तसा.”

भूपालला वाटले आपण चुकीचे ऐकले. “बाई, उजेड वाढावा म्हणून तर एवढी महाग यंत्रं आणली. राखाडी पडदा त्यातला निम्मा गिळून टाकेल!”

“गिळेल,” बाई म्हणाल्या. “गिळू दे.”

त्याहून अधिक त्या काही सांगेनात. बाजूला उभ्या असलेल्या मृणालने प्रथमच भूपालकडे सहानुभूतीने बघितले. मालकांना काय सांगायचे, या विचाराने त्याला घास गोड लागेना. पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी नाही, हेही त्याला ठाऊक होते. त्याने रंगारी बोलावले. पांढराशुभ्र पडदा हळूहळू उदास राखाडी होत गेला, आणि प्रत्येक फटकाऱ्यागणिक भूपालचा चेहराही.

रंग वाळल्यावर त्याने तेच दृश्य लावले. कड्यावरचे चांदणे थोडे मंद झाले होते, हे खरे. पण दरी! तिला तळ नव्हता. ती पडद्यावर नव्हतीच जणू. पडद्याला भगदाड पडून पलीकडचा काळोख उघडा पडला होता. मृणाल नकळत एक पाऊल मागे सरली.

“बाई,” भूपालने विचारले, “उजेड कुठून येत होता?”

बाईंनी एक पुठ्ठा उचलला आणि प्रोजेक्टरसमोर असा धरला, की उजवीकडचा कडा झाकला गेला. दरीला कोणी हात लावला नव्हता, तरी ती आणखी गडद झाली. पुठ्ठा काढला, तशी ती पुन्हा किंचित उजळली.

“बघ. उजेड या कड्याचा आहे. पडदा ओंजळीसारखा आहे, म्हणून त्याची एक बाजू दुसऱ्या बाजूकडे तोंड करून असते. कड्यावरचं चांदणं तुझ्या डोळ्यांकडे येतं, तसंच समोरच्या दरीवरही जाऊन पडतं. जुना पडदा मळका होता, तो ते मुरवून घ्यायचा. तू तो पांढरा केलास. मग त्याने आला तो सगळा उजेड परत फेकायला सुरुवात केली. तू प्रकाश वाढवत गेलास, तशी दरी आणखी भरत गेली.”

“पण राखाडी रंगाने कडाही मंदावला की.”

“मंदावला. पण विचार कर. खरं चित्र डोळ्यांपर्यंत येताना पडद्याला एकदाच भेटतं. भटका उजेड आधी कड्यावर आपटतो, मग दरीवर. म्हणजे दोनदा भेटतो. राखाडी पडदा प्रत्येक भेटीत निम्मा भाग स्वतःत जिरवतो. खऱ्याचं निम्मं उरतं, भटक्याचं पावच.” बाईंनी पुठ्ठा खाली ठेवला. मग म्हणाल्या, “माणसांचंही असं होतं, बाळ. समोरासमोर बसलेली दोन माणसं आलेला प्रत्येक शब्द तसाच उलट फेकू लागली, की सगळीकडे लख्ख होतं आणि कुणालाच काही दिसत नाही. थोडं आपल्यात जिरवणारा एक जण लागतो.”

भूपालने मृणालकडे ओझरते बघून नजर खाली घातली. मृणालनेही नजर खाली घातली.

त्या दुपारच्या बैठकीत मृणाल म्हणाली, “मला अजून एक वाटतं. तुझं चित्र दरीकडे वळतं तेव्हा...” भूपालच्या ओठांवर उत्तर तयार होते. ते त्याने गिळले आणि विचारले, “काय होतं तेव्हा? सांग.”

मृणाल क्षणभर गोंधळली. मग तिने सांगितले, की नवी यंत्रे चित्र जुळवण्यात निमिषभर घालवतात. त्यामुळे खुर्ची आधी पडते आणि दरी मागून येते. “तसं बघितलं तर खुर्च्या मीच थोड्या थांबवायला हव्यात,” ती म्हणाली. “माझ्याकडूनही राहिलंच ते.” दोघांनी मिळून ते जुळवले. संध्याकाळी मालक स्वतः येऊन बसले, दरी आली तशी त्यांच्याही तोंडून ‘अगं आई गं!’ निघून गेले, आणि घसरगुंड्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

बाई परत निघाल्या, तेव्हा भूपाल म्हणाला, “बाई, तुम्ही एकदाही बसला नाहीत.”

“अरे हो की!” म्हणत त्या लहान मुलीच्या उत्साहाने खुर्चीत चढल्या. भूपाल शेजारी बसला. खुर्च्या उचलल्या गेल्या, गडकोट पायाखालून सरकू लागले, कडा आला, आणि मग काळोख उघडला. भूपालच्या मनगटाभोवती बाईंची बोटे करकचून आवळली.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “तुम्हाला तर सगळं माहीत आहे. तो रंगवलेला पडदा आहे.”

“गप्प बस,” बाई श्वास रोखून म्हणाल्या. “खाली बघू दे मला.”