तथास्तु म्हणणारी साळुंकी

एका राज्यात मेघावती नावाची राणी होती. हात दानाचा, पण जीभ कोयत्याची. तिच्या महालाच्या आढ्यावर एका मांत्रिकाने साळुंकी बसवली होती. रागात कुणी काही बोललं की ती म्हणे, "तथास्तु." शहाणी माणसं तिथे जपून बोलत. राणी जपणाऱ्यांतली नव्हती.

एके सकाळी लेक रत्नमाला हाकेला उठली नाही. राणी कडाडली, "पडलीय बघा दगडासारखी. दगडच हो."

"तथास्तु," साळुंकी म्हणाली. लेक निजल्या जागी दगड झाली.

राणीने साळुंकीपुढे पदर पसरला. साळुंकी म्हणाली, "ज्या जिभेने घाव घातला, तिनेच औषध आणावं. चवताळलेल्या मधमाश्यांकडून बोलून मध आण. पिसाळलेला हत्ती बोलून बसव. मग मांत्रिकाला बोलून शांत कर. एक वाकडा शब्द गेला, की लेक कायमची दगड."

राणी निघाली. माश्यांना म्हणाली, "मायबायांनो, घर तुमचं, मी मागणारी." माश्यांनी पोळ्याचा तुकडा दिला. हत्तीला म्हणाली, "किती रे ओझी वाहिलीस, बस आता." हत्ती बसला आणि तिला पाठीवर घेऊन मांत्रिकाच्या गुहेशी आला.

मांत्रिक लंगडत बाहेर आला. "आलीस का, कैदाशिणी? भर दरबारात मला लंगडा कावळा म्हणालीस, म्हणून बसवली साळुंकी. पोटची लेक खाल्लीस, आता कुणाला खायला आलीस?"

राणीच्या जिभेवर उत्तर आलं. असं, की तो जागीच गार पडला असता. असं उत्तर गिळणं म्हणजे जळता निखारा गिळणं. गिळून बघा कधी. तिने गिळलं.

"म्हणाले होते, महाराज. चुकलं. पाय फार दुखतो का? मध आणलाय, आधी तोंड गोड करा."

जिभेला हाड नसतं, तरी मऊ बोलली की भलभलत्यांचा ताठा मोडते. त्या पायाची विचारपूस आजवर कुणी केली नव्हती. मांत्रिकाने मध चाखला, डोळे पुसले. "जा. साळुंकी परत बोलावतो. पण लेकीला हाक तुझी तूच मार."

राणी दगडापाशी बसली. हुकूम सोडायची सवय. गोड हाक कशी मारतात ते आठवेना. शेवटी तिने दगडाला गाल लावला. "थकली होतीस का गं, बाळे?"

दगड ऊन झाला. रत्नमालेने डोळे उघडले. "आई, तू फार लागेल असं बोललीस."

सवयीने राणीचं तोंड उघडलं. मग मिटलं.

"हो गं," ती म्हणाली. "बोलले."

लेक तिच्या मांडीवर डोकं टेकून पुन्हा निजली, आणि त्या दिवशी तिला कुणी उठवलं नाही.

मेघावतीला तिची लेक मिळाली. बोलण्याने ज्याचं माणूस दुरावलं असेल, त्याला त्याचं मिळो.