जसबाईची दिंडी

सातविणीच्या गडाची ही मागची दिंडी. वाकूनच आत या, डोकी सांभाळा. चौकट शाबूत आहे, पण दार नाही. पुढे गडाची कितीदा डागडुजी झाली, इथे दार काही कुणी बसवलं नाही. त्याला कारण आमचेच वाडवडील.

फार पूर्वी इथल्या किल्लेदाराने नर्मदेपलीकडची बायको केली होती. नाव जसबाई. पट्टा फिरवण्यात ती भल्याभल्यांना हार जात नसे, असे सांगतात. मराठी मात्र बेताचीच यायची.

गडाला वेढा पडला. किल्लेदार महादरवाजात मारला गेला, तेव्हा बाईने हातात पट्टा चढवला. खालचं गाव आसऱ्याला गडावर आलेलं आणि कोठारात दाणा नाही. बाईने ठरवलं, धुकं आहे तोवर गावाने या दिंडीने घाट उतरावा. लेकुरवाळ्यांच्या सोबतीला तिने उरलेले शिपाईही दिले. गनिमाला महादरवाजात ती एकटी गुंतवून ठेवणार होती.

आता निघताना आपण मराठी माणसं ‘जातो’ म्हणत नाही, अशुभ असतं ते. त्या रीतीने एकेकजण पाया पडून म्हणाला, “येतो, बाईसाहेब.” तिला वाटलं, पोरंबाळं पोचवून हे परत येणार.

एक म्हातारी म्हणाली, “बाई, तुमीबी चला की.”

“तुम्ही व्हा पुढे. मी दार उघडं ठेवते.”

म्हातारीला वाटलं, बाई मागून निघणार. घाट उतरेपर्यंत सगळ्यांना तसंच वाटत होतं म्हणे.

बाई महादरवाजात लढायची आणि जरा उसंत मिळाली की इथे येऊन घाटाकडे बघायची. बोलायला माणूस नव्हतं. शेवटी ही वाट गनिमालाच सापडली. दिंडीत पावलं वाजली तशी बाईने पट्टा खाली केला आणि विचारलं, “आलात?”

हे गनिमाच्याच एका शिपायाने पुढे सांगितलं म्हणे. बाई तिथेच पडली.

तेव्हापासून आजतागायत आमच्या गावात निघताना कुणी ‘येतो’ म्हणत नाही. ‘जातो’ म्हणतात. नव्या सुनेच्या तोंडून चुकून ‘येते’ निघालं, तर सासू तिला परत बोलावून नीट म्हणायला लावते. पाहुण्यांना खटकतं. खटकू दे.

माझा धाकटा कतारला निघाला, तेव्हा उंबऱ्यात उभा राहून “जातो, आबा” म्हणाला. मी म्हटलं, जा. येतो म्हणाला असता तर वाट बघावी लागली असती. तो म्हणाला नाही, तरी मी बघतोच.