गुडघ्याला कैद

टेंभूरगडच्या दुर्जेराजांचा उजवा गुडघा भलताच दुखायचा. दामोदर वैद्यांनी चामड्याचा पट्टा शिवून आणला आणि म्हणाले, "महाराज, गुडघ्याला आधार हवा."

"आधार? आणि राजाला?" राजांनी वैद्यांना तुरुंगात टाकलं, आणि गुडघ्यावर राजद्रोहाचा खटला भरला. भर दरबारात चोपदाराने तीनदा पुकारा केला, "गुडघा हाजिर हो!"

गुडघा दोषी ठरला. पण फटके मारावेत तर ते राजांनाच लागणार! दरबार दुसरी शिक्षा शोधू लागला.

वैद्यांची बायको सगुणा याच क्षणाची वाट पाहत होती. "महाराज, द्रोह्याला बेडीच शोभते," म्हणत तिने पदराखालचा तोच पट्टा गुडघ्यावर घट्ट बसवला. राजे चार पावलं चालले. कण्हले नाहीत.

"शाबास! पण नुसती कैद? सक्तमजुरी हवी!"

"मग रोज वीस वेळा पाय सरळ उचलायला लावा. गड न कण्हता चढेपर्यंत सुटका नाही."

"आणि पहारा?"

"त्याला या गुडघ्याच्या सगळ्या खोड्या ठाऊक असलेला माणूस लागेल. तो आपल्याच तुरुंगात बसलाय."

त्याच दुपारी वैद्य सुटले आणि गुडघ्याचे दारोगा झाले. डाव्या गुडघ्याने हे सगळं पाहिलं होतं. त्याने जन्मात दुखायची हिंमत केली नाही.