नबीचाचाचा चाप आणि लगमाचा गडू

दरवर्षी हेच. शिमगा सरला की पोरंटोरं ओट्यावर येऊन बसतात आणि म्हणतात, आजोबा, नबीचाचाचं सांगा. अरे, गेल्या साली सांगितलं, त्याच्या आदल्या साली सांगितलं. चाचा काय मधल्या वर्षात नवीन काही करून बसलाय? माझे दात गेले, गुडघे गेले, चहा घेता का म्हणून कोणी विचारत नाही, गोष्ट मात्र पाहिजे. यंदा तर म्हणे लिहूनच द्या. चौथीतनं शाळा सोडलेल्या माणसाला लिहायला बसवतात. बरं, लिहितो. पण ऱ्हस्वदीर्घ काढत बसलात तर कागद बंबात घालीन.

तर ऐका. फार वर्षं झाली. आंबेखोलच्या चारी अंगांनी तेव्हा रान होतं, आणि रान असं दाट की उन्हालासुद्धा खाली उतरायला वाट विचारावी लागायची, असं म्हणतात. रानडुकरं यायची आणि भाताचं उभं खाचर नांगरल्यासारखं करून जायची. म्हणून गावात बंदुका होत्या, आणि म्हणून हाका होता. गडी ढोल-डबे बडवत, आरडाओरडा करत रान झोडपायचे, जनावर पुढं पळायचं, आणि पलीकडच्या तोंडाला बंदूकवाले दबा धरून बसायचे. आता नीट ध्यानात घ्या. बंदुकीच्या पुढं जनावर, आणि जनावराच्या मागं माणूस. गोळी काय विचारून जात नाही.

त्या गावात नबीलाल शिकलगार राहायचा. कुठनं आला कुणाला ठाऊक नाही. पाठीवर साण बांधून घाट चढून आला, जांभळीखाली बसला आणि तिथलाच झाला. विळ्या-कोयत्यांना धार लावायचा, पण त्याचा खरा हात बंदुकीच्या चापावर.

चाप समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. बोल्टच्या रायफलीची दांडी मागं ओढून पुढं सारली की आतली टाचणी स्प्रिंगवर ताणून उभी राहते. तिला अडवून धरतात पोलादाचे दोन ओठ, एकावर एक टेकलेले. चाप ओढला की ओठ सरकतात, सुटतात, टाचणी पुढं धावते आणि बार होतो. ओठ खरबरीत असले तर चाप अडखळत येतो आणि ओढणाऱ्याचा नेम हलतो. ओठ नुसते टेकवून ठेवले तर फुंकरीनं सुटतात. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची, ते नबीचाचाचं काम.

तो माणसाचं बोट बघून चाप लावायचा. बंदूकवाला आला की त्याच्या चिमटीत पिकलेलं करवंद द्यायचा आणि म्हणायचा, "धरून बस." करवंद फुटून रस ओघळला की चाप जड. करवंद आख्खं राहिलं की चाप हलका. पुढं पुढं तर नुसता रामराम घेतानाच त्याला बोट कळायचं, असं म्हणतात. आणि त्याला त्याचा गर्वही होता. का नसावा? कसब असलेल्या माणसानं मान खाली घालून फिरावं असं कुठं लिहिलंय?

गावचे इनामदार रत्नोजीराव. त्यांना सगळे सरकार म्हणायचे. माणूस दिलदार, पण तापट, आणि तपकिरीचा नादी. उजव्या नाकपुडीत गेली की डावीकडनं शिंक यायची, आणि शिंक अशी की गोठ्यातल्या म्हशी उभ्या राहायच्या. या सरकारांनी साहेबाच्या देशातनं बोल्टची नवी रायफल मागवली. पहिल्याच हाक्याला डुक्कर समोरनं गेलं आणि यांचा बार आंब्याच्या खोडात. दुसऱ्या हाक्यालाही आंबाच. गावातली माणसं तोंडावर हसत नव्हती, पण त्या आंब्याला कोणीतरी हळदकुंकू लावलं.

सरकार तणतणत जांभळीखाली आले.

"शिकलगारा, ही बंदूक आहे का पाणी काढायचा रहाट? ओढून ओढून बोट सुजलं माझं."

चाचानं चाप ओढून बघितला. "ओठ खरबरीत आहेत, सरकार. म्हणून अडखळतोय."

"ते ओठबीठ मला नको सांगूस. हलका कर. असा हलका कर की मनात आलं की बार झाला पाहिजे."

करवंदाचं चाचाच्या मनात आलं होतं. पण एवढ्या मोठ्या माणसाच्या चिमटीत करवंद काय द्यायचं, असं वाटून तो गप्प बसला. शिवाय हातही शिवशिवत होते. इतका हलका चाप त्यानं कधी केला नव्हता. करून बघावा, असं त्याला वाटलं. केलाही. मोराचं पीस चापावर ठेवलं की टक् करून सुटायचा. सगळा गाव बघायला आला, आणि चाचाची छाती फुगली.

पुढच्या हाक्याला ढोल घेऊन सगळ्यांच्या पुढं होता बिरू धनगर. सरकार दबा धरून, बोट चापावर ठेवून बसले होते. जनावर अजून कुठंच नव्हतं. सरकारांना चिमूटभर तपकीर ओढायची लहर आली. ओढली. शिंक आली.

बार झाला.

गोळी बिरूच्या ढोलाच्या एका कातड्यातनं शिरली आणि दुसऱ्यातनं बाहेर पडली. जाता जाता कानातली बाळी घेऊन गेली. कान तसाच. ती बाळी पुढं पलीकडच्या डोंगरावर एका कातळात रुतलेली सापडली, असं म्हणतात. बिरू खाली बसला आणि कितीतरी वेळ नुसता ढोलाच्या भोकातनं आभाळ बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको लगमा जांभळीखाली आली. डोक्यावर तो ढोल. तो तिनं चाचाच्या साणेसमोर ठेवला.

"चाचा, ह्याला ठिगळ लावा."

"बेटी, मी लोखंडाचं काम करतो. कातड्याचं नाही."

"मग हे भोक कुणाचं काम?"

चाचा साण पुसायला लागला.

"बोट बघून चाप लावतासा म्हणं. सरकारांचं बोट बघितलासा. नाक बघितलासा काय?"

धार लावायला आलेले लोक हसले. चाचा हसला नाही. लगमाही हसली नाही.

"बंदुकीच्या मागं बसतोय त्येचं बोट मोजतासा. बंदुकीच्या फुडं माझा मालक हुबा ऱ्हातोय. त्येचं काय मोजलासा, चाचा?"

एवढं बोलून ती निघून गेली. ढोल तिथंच राहिला. चाचानं त्या भोकात बोट घालून बघितलं, आणि सगळं आयुष्य आपण बंदुकीच्या एकाच बाजूला बसून काम केलं, हे त्याला तेव्हा कळलं. त्या दिवशी त्यानं साण फिरवली नाही.

मग तो इनामदारांकडे गेला. म्हणाला, "सरकार, चाप परत बघावा लागेल."

सरकारही मनातनं हबकलेले होते, पण कबूल कोण करणार? ते म्हणाले, "बघ. पण माझ्या बोटाला जड लागला तर साण उचलायची आणि घाट उतरायचा. परत त्या आंब्यापुढं उभं करू नकोस मला."

तिकडं हाकेवाले जाऊन बसले होते बिरूच्या अंगणात. म्हणाले, तो चाप असाच असेल तर आम्ही रानात पाऊल टाकणार नाही. डुकरांनी भात खाल्लं तर खाऊ द्या. बायकांनी तर हाक्याला न्यायचे कोयतेच लपवले.

म्हणजे बघा चाचाची पंचाईत. चाप जड केला तर गाव सुटतो. हलका ठेवला तर कोणीतरी बिरू मरतो, आणि हाका बंद पडला तर गाव उपाशी. चाचानं दाढी खाजवली आणि लगमाच्या दारात गेला.

"बेटी, तुझा पाण्याचा गडू दे."

"कशाला?"

"मोजायला. ह्या वेळी मोजणार तू."

गडू घेऊन तो थेट हिरण्यकेशी नदीत उतरला. पात्रातला एक काळा मऊ दगड शोधून आणला. सगळा पावसाळा जांभळीखाली बसून त्या दोन ओठांवर तो दगड फिरवत राहिला. ओठ एकमेकांवर चांगले भक्कम टेकवले, पहिल्यापेक्षा जास्त, आणि मग त्यांचा खरबरीतपणा घालवत गेला. आधी पाण्यावर, मग करंजाच्या तेलावर, आणि शेवटी नुसत्या अंगठ्यानं. इतकं घासलं, इतकं घासलं की ते पोलाद आरसा झालं, आणि माशा येऊन त्यात मिशा बघायच्या, असं म्हणतात. आणि चाचाच्या अंगठ्यावरच्या रेषा पार पुसून गेल्या. पुढं कुठल्याशा सरकारी कागदावर त्याचा अंगठा घेतला, तर नुसता गोल काळा ठिपका उठला. कारकून म्हणाला, ह्या माणसाचं नशीबच नाही. चाचा म्हणाला, आहे, पण बंदुकीला लावलंय.

पाऊस गेला. भात पोटरीला आलं. हाक्याचा दिवस ठरला. चाचानं सगळ्या गावाला जांभळीखाली बोलावलं. रिकामी रायफल फांदीला बांधली, नळी आभाळाकडं करून. दांडी ओढून टाचणी ताणली, आणि चापाला दोरीनं लगमाचा गडू टांगला.

"हाक्याला जाणाऱ्याच्या घरातल्या बाईनं पुढं यावं," चाचा म्हणाला. "आणि वाटेल तेवढं पाणी ओतावं. जिचं मन भरलं नाही तिनं थांबू नये."

सरकारांच्या कपाळाला आठी पडली. "हे काय नवीन?"

"सरकार, मी फक्त लोखंड घासलं. चाप ह्या बसवणार."

पहिली लगमा आली. तिनं ओंजळभर पाणी ओतलं. गडू डुलला. चाप जागचा हलला नाही. मग दुसरी आली. मग एक म्हातारी आली, तिचे दोन लेक हाक्याला होते, तिनं दोनदा ओतलं. बायका येत राहिल्या, ओतत राहिल्या. गडू काठोकाठ भरला, वाहायला लागला, जांभळीच्या मुळाशी चिखल झाला, चिखलाचा ओहोळ झाला, आणि ओहोळ इनामदारांच्या जोड्यांपर्यंत पोचला, असं म्हणतात. चाप सुटला नाही.

शेवटी लगमा म्हणाली, "भरलं मन."

चाचानं गडू सोडवला आणि सरकारांना म्हणाला, "आता तुम्ही ओढा."

सरकारांनी ओढला. वाळलेली काडी मोडावी तसा चाप सुटला. अडखळला नाही, सरकला नाही. टक्. बस्स.

सरकारांचे डोळे मोठे झाले. "अरे, हा तर हलका केलास तू!"

सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. चाचा म्हणाला, "सरकार, जड आहे. पण गुळगुळीत आहे. तुमच्या बोटाला त्यातलं फक्त गुळगुळीत कळतंय."

आता हाका. बिरूनं ढोल परत नेऊन त्याला नवीन कातडं चढवलं होतं आणि तो हट्टानं सगळ्यांच्या पुढं गेला. चाचा कधी रानात जात नसे, पण त्या दिवशी तो सरकारांच्या मागं जाऊन बसला. समोरचं झुडूप हललं. सरकारांनी नेम धरला, बोट चापावर गेलं. आणि सकाळी ओढलेली तपकीर नेमकी तेव्हा नाकात जागी झाली.

शिंक आली. म्हशी उठवणारी शिंक. सरकारांचं सगळं अंग उडालं, बोटासकट.

चाप हलला नाही. एवढ्या बायकांचं पाणी त्याच्यावर होतं.

झुडूप फाकलं आणि आतनं बिरू बाहेर आला. वाट चुकून पुढं आला होता. ढोल डोक्यावर, एकच बाळी कानात. तो बंदुकीच्या नळीकडं बघून म्हणाला, "सरकार, सर्दी झालीया काय?"

सरकारांनी बंदुकीवरनं हात काढला, पागोटं काढलं, घाम पुसला. चाचानं डोळे मिटले आणि मनातल्या मनात अल्लाचं नाव घेतलं. तेवढ्यात पलीकडनं ओरडा झाला आणि रेड्याएवढं डुक्कर भलत्याच बाजूनं बाहेर पडलं, जिकडं माणूस नव्हता. सरकार उठले, वळले, चापाची काडी मोडली. डुक्कर जागेवर आडवं. आंब्याच्या झाडानंसुद्धा सुटकेचा श्वास टाकला, असं म्हणतात.

गावभर चुली पेटल्या. चाचा तेवढा नाक मुरडून लांब जांभळीखाली बसला. "तुमचं तुम्हाला लखलाभ," म्हणाला. तेव्हा लगमा आली. तिच्या काखेत एक जिवंत कोंबडं.

"चाचा, हे तुमीच कापा तुमच्या पद्धतीनं. रांधते मी. तुमी जेवल्याबिगर माझा मालक घास घेत न्हाई म्हणतोय."

चाचा पोटभर जेवला. ढोलाचं भोक आपण बुजवू शकलो नाही, पण दुसरं पडू दिलं नाही, एवढं समाधान घेऊन तो त्या दिवशी झोपला. पुढं इनामदार दर हाक्याला स्वतः रायफल फांदीला बांधायचे आणि बायकांच्या पुढं हात जोडून उभे राहायचे. तपकीर मात्र सोडली नाही.

चाचा कसा गेला, ते धड कोणी सांगत नाही. नवा दगड शोधायला नदीत उतरला तो परत आलाच नाही, असं म्हणतात. पण नदीच्या वळणावर एक काळा खडक आहे, त्याच्यावर अंगठ्याच्या आकाराची गुळगुळीत खळगी आहे, आणि ती कितीही पाऊस झाला तरी शेवाळत नाही. हे म्हणतात नाही, हे मी बघितलंय.

आता शिकार बंद झाली. हाका गेला, रायफली गेल्या. पण शिमगा सरला की आंबेखोलात जांभळीच्या फांदीला एक लाकडी बंदूक बांधतात आणि तिच्या चापाला गडू टांगतात. घराघरातली बाई येते आणि वाटेल तेवढं पाणी ओतते. पहिलं कोंबडं चाचाच्या नावानं शिजतं. आणि कोणी रागानं तरातरा भांडायला निघाला, तर त्याच्या हातात आधी भरलेला गडू देतात. पाणी न सांडता पोचलास तर बोल, नाहीतर घरी जा.

या सगळ्यात नियम एकच. बाई पाणी ओतत असताना "पुरे" म्हणायचं नाही. तिचं मन कधी भरलं ते तिचं तिला ठाऊक. चुकून कोणी म्हणालाच, तर त्यानं तिच्या घरी जाऊन सगळ्यांच्या देखत माफी मागायची. गेल्या साली आमची म्हातारी ओतत होती. तिचे हात कापतात, तिला वेळ लागतो. आमचा नातू आता सीमेवर असतो, त्याच्या वाटणीचं ती जरा जास्तच ओतत होती. तेवढ्यात मागनं एक जण ओरडला, "पुरे की गं आता, भूक लागलीया!" म्हातारीनं त्याला तिथल्या तिथं माफ केलं, आणि वर कोंबड्याची तंगडी वाढली. ती तिची गोष्ट. मी भरलेला गडू घेऊन त्याच्या दारापर्यंत जाऊन आलोय, थेंब सांडला नाही. ओट्यावर जागा झाडून ठेवलीय. वर्ष होत आलं, अजून आलेला नाही तो मसणू रेडेकर.