सकाळी आत, दुपारी घरी!

ही गोष्ट सोळा आणे खरी! बरं, बारा धरा. चार आणे मधल्यामध्ये वकिलांनी खाल्ले.

करंजगडच्या भैरोजीराजांना दुपारची झोप मिळेना! राजवाड्यासमोर तुरुंग आणि तुरुंगाच्या दारात सात वकील. शिपाई कुणाला धरून आणताना दिसले की हे सातजण ढोल बडवत त्याच्या नातेवाइकांवर तुटून पडायचे.

"जामीन आमच्याकडे!"

"अर्ध्या घटकेत सुटका!"

"आमचा अशील तुरुंगातली आमटीसुद्धा चाखत नाही!"

राजांनी ढोल बंद केले, वकिलांनी शंख आणले. शंख बंद केले, तर त्यांनी कुंभाराच्या गाढवांच्या पाठीवर चुन्यानं आपापली नावं रंगवली. गाढवं ओरडायची ती वेगळीच. शेवटी राजांनी साऱ्या जाहिरातींवर सरसकट बंदी घातली. तेव्हा थोरले वकील निळोपंत नम्रपणे पुढं झाले.

"जशी आज्ञा, महाराज! मग जामीन मागता येतो, हे गरिबाला सांगायचं कुणी? गाढवांनी?"

बोलणं खरं होतं, म्हणूनच राजांना जास्त झोंबलं. बंदी उठली.

झालं, निळोपंतांना चेव आला! त्यांनी सटवाजी डफवाल्याला गाठलं आणि नेमकं राजांच्या खिडकीखाली उभं केलं. सटवाजीनं डफावर थाप मारली, "सकाळी आत, दुपारी घरी! जामिनाचं काम निळोपंत करी!" नुकताच डोळा लागलेले राजे दचकून पलंगाखाली. सटवाजी त्याच पावली तुरुंगात!

सटवाजीची बायको तानू निळोपंतांकडं धावली. "पंत, तुमच्यापायी माझा धनी आत गेला. दुपारी घरी आणा त्याला."

पंतांनी सावकाश सुपारी कातरली. "आणू की! दुपारी म्हटलंय ना आम्ही? कुठल्या दुपारी, ते म्हटलंय का?"

तीन दुपारी गेल्या. चौथ्या दिवशी तानू थेट दरबारात.

"सरकार, उद्या थोरल्या लेकीची हळद आहे. तिच्या बापाला सोडा."

चार दिवसांच्या जागरणानं राजांचे डोळे तांबडेलाल झालेले. "सोडतो! पण या सातजणांची बोंब आवर. बंदी घालायची नाही. गरिबाला जामिनाची वाट कळलीच पाहिजे. आणि खोटं एक अक्षर माझ्या कानावर पडता कामा नये! दिवस मावळायच्या आत जमव. नाही जमलं, तर तुझ्या लेकीला बापाशिवाय हळद लागेल!"

दरबार हसला. सगळ्यात मोठ्यानं हसले ते सात वकील.

तानूनं पदर खोचला. "सरकार, चोराला सोडताना तुम्ही काय मागता?"

"जामीनदार. चोर पळाला, तर जामीनदार आत."

"मग वकिलाची जाहिरात मोकळी सोडताना का मागत नाही? ज्याला जे ओरडायचं ते ओरडू द्या. पण आधी जामीनदार उभा करावा. बोललेलं खोटं पडलं, की जामीनदार आत. आणि जामीनदार दुसरा वकीलच पाहिजे!"

सातजणांचं हसू जिथल्या तिथं विरलं. निळोपंतांनी शेजारच्या विसोबा वकिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

"विसोबा, तीस वर्षांचा दोस्ताना आपला. माझ्या 'दुपारी घरी'ला जामीन राहा."

"तुमच्या? पंत, तुम्ही दुपार झाली म्हणालात, तरी मी अंगणात जाऊन ऊन बघून येतो!"

पंत पुढच्याकडं वळले. त्याच्या कमरेत उसण भरली. त्याच्या पुढच्याला एकाएकी मावशीचं श्राद्ध आठवलं. मावशी वरच्या सज्जात बसून लाह्या खात होती!

दिवस कलला. निळोपंतांनी उपरण्यानं घाम पुसला आणि कसंबसं तोंड उघडलं. "जामीन मागता येतो. मिळेलच असं नाही. निळोपंत वकील, तुरुंगासमोर."

"याला मी राहतो जामीन!" सहाहीजण एकदम ओरडले. 'मिळेलच असं नाही', एवढी एक गोष्ट पंतांच्या बाबतीत सगळ्यांनाच पक्की ठाऊक होती!

राजे पोट धरधरून हसले. सटवाजीला तिथल्या तिथं सोडलं, लेकीला शालू दिला, वर सटवाजीला सरकारी दवंडीवाला नेमलं.

"ऐक रे, ही तुझी पहिली दवंडी," राजे मिशीला पीळ देत म्हणाले. "भैरोजीराजांच्या राज्यात ज्याला त्याला न्याय मिळतो, आणि तोही त्याच दिवशी!"

सटवाजीनं डफ उचलला. तानूनं त्याचा हात धरला.

"देईल की दवंडी, सरकार! जामीन कोण राहतंय?"