रुसलेल्या राजाची पंगत

एका राज्यात भरदुपारी, मुदपाकखान्याच्या पडद्याआड उभ्या असलेल्या नव्या सुनेच्या कानांवर सासऱ्यांचे शब्द पडले. "उद्याच्या तहाच्या पंगतीत सूनबाईच्या माहेरचं तळं मागून घेऊ. मी रुसेन, ते देतील. आजवर कोण दिल्यावाचून राहिलंय?"

सुनेचे नाव पद्मरेखा. ती फारसे बोलत नसे, म्हणून राजवाड्यातली माणसे तिच्यासमोर आणि तिच्यामागे सारख्याच मोकळेपणाने बोलत. तिचे माहेर म्हणजे डोंगरातले टीचभर राज्य. तिथे पाणी एकाच तळ्याचे. माणसे, गुरे, शेते सारी त्याच्या आधाराने जगत. तळे गेले की ते राज्य उरणार फक्त नकाशावर.

सासरे राजा वज्रकेतू. त्यांच्या दंडावर रोषमणी होता. पूर्वी एका राक्षसाने आसपासच्या सात राज्यांना सळो की पळो करून सोडले, तेव्हा वज्रकेतूंच्या पूर्वजाला एका यक्षाने हा मणी दिला. तो दंडावर असता राजा रागावला, की धरणी हादरे. राक्षस हटला, सात राज्ये वाचली. हे सारे खरे होते आणि चांगलेही होते. पुढे मणी परत करायचे मात्र कुणाच्या ध्यानात राहिले नाही.

लग्नात वरपक्ष रुसतो, वधूपक्ष मनधरणी करतो, आणि संध्याकाळपर्यंत सगळे हसून मोकळे होतात. या राज्याने ती एका दिवसाची गंमत राज्यकारभारात घेतली. कुठलाही तह असो, हे वरपक्ष आणि बाकीचे सारे वधूपक्ष. तहाच्या पंगतीत मानाच्या पाहुण्याने पहिला घास घेतल्यावाचून कुणी जेवायचे नाही, ही सर्वांची रीत. पंगत स्वतःच्या घरची असली तरी मानाचे पान वज्रकेतूंचेच असे. ते चौरंगावर बसत, हात आखडून घेत, जमीन थरथरू लागे. मग त्यांनी एक घास घ्यावा म्हणून कुणी मिठाची खाण देई, कुणी बंदर देई.

पद्मरेखेने आधी नवऱ्याला विचारले. युवराज सुकेतू भला माणूस होता.

"आपण शेजाऱ्यांवर दांडगाई करतो का?"

"दांडगाई? आम्ही त्यांचं रक्षण करतो! दर अमावास्येला राक्षसाची डरकाळी ऐकतेस ना? आम्ही नसतो तर एव्हाना त्याने सगळ्यांना फस्त केलं असतं. उपकार राहिले बाजूला, लोक तोंडं वाकडी करतात."

"आणि मिठाची खाण?"

"ती त्यांनी आपणहून दिली."

"जमीन हलत असताना?"

भली माणसे अशा प्रश्नाला विडा मागवतात. सुकेतूने विडा मागवला.

मुदपाकखान्याच्या तुळईवर एक म्हातारी साळुंकी राहत असे. ती म्हणाली, "त्याला काय विचारतेस? तो इथंच वाढलाय. विहिरीतल्या यक्षाला विचार. मणी त्याचा आहे."

पद्मरेखा विहिरीच्या पायऱ्या उतरली. यक्ष पाण्यावर मांडी घालून बसला होता.

"मणी शापित आहे," तो म्हणाला. "रक्षणासाठी वापरला तर वरदान. मागण्यासाठी वापरला, की धारकाच्या जिभेची चव आणि नाकाचा वास जातो. तुझ्या सासऱ्याला मीठ लागत नाही की गूळ लागत नाही. म्हणून त्याला काही पुरत नाही."

"हादरा किती वेळ टिकतो?"

"कुणास ठाऊक? तो थांबेपर्यंत आजवर कुणी थांबलंच नाही. मणी मनधरणीवर जगतो, मुली. शाप मोडायचा तर तीन कामं कर. राक्षसाचा दात आण. घाबरलेल्या राजाला एक घास घ्यायला लाव. तिसरं काम तुझं तुलाच कळेल."

साळुंकीने पद्मरेखेला आपल्याएवढे पाखरू केले आणि दोघी राक्षसाच्या गुहेकडे उडाल्या. गुहेत राक्षस नव्हता. एका भल्यामोठ्या कर्ण्याशेजारी एक जादूगार वैतागून बसला होता.

"वाड्यावरून आलात? डबा आणलात?"

"नाही," पुन्हा माणूस झालेली पद्मरेखा म्हणाली. "राक्षस कुठे आहे?"

"कोपऱ्यात. हाडं आहेत. माझे आजोबा लहान होते तेव्हा गेला."

"कुणी मारला?"

"सर्दी झाली होती त्याला. तेव्हापासून डरकाळी आमच्या घराण्याकडे. घसा बसतो बाई, पण जेवण काही वेळेवर येत नाही."

चुलीशी पीठ होते. पद्मरेखेने त्याला गरम भाकरी थापून दिली, वर ठेचा दिला. जादूगाराने डोळे मिटून ती खाल्ली आणि मुसळाएवढा दात स्वतः तिच्या हाती आणून ठेवला.

पहिले काम झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातही राजे आले. त्यांत पद्मरेखेचे वडील सोमदत्त होते. तिने त्यांना देवघरामागे गाठले.

"आबा, आज तळं मागणार आहेत."

सोमदत्तांचा चेहरा उतरला. "तरीच म्हटलं, पाहुणचार एवढा कसा."

"जमीन हादरली तरी पानावरून उठू नका. मामंजींची वाट न पाहता जेवा."

"त्यांच्या आधी? अगं, तुला इथं नांदायचंय. ते तुझ्यावर राग काढतील."

"मला काय व्हायचं ते होऊ दे. तुम्ही भ्यालात, ते मला दिसतंय. भीत भीत जेवा, पण एक घास घ्या."

सोमदत्तांनी देवघराच्या भिंतीला हात लावून नमस्कार केला. मग म्हणाले, "घेतो."

पाने मांडली गेली. भात वाढला, वरण वाढले, तूप पडले. वज्रकेतू चौरंगावर बसले आणि त्यांनी हात आखडून घेतले.

"व्याहीबुवा, जेवणात काही राम नाही. तुमच्या तळ्याचं पाणी असतं तर वरणाला चव आली असती."

जमीन थरथरली. पाण्याची भांडी पानांवर लवंडली.

"देऊन टाका हो," मिठाच्या खाणीचे राजे कुजबुजले. "तळंच तर आहे."

"मी बंदर दिलं. माझं काय बिघडलं?" दुसरे म्हणाले.

"काही नाही. आता पाय धुवायला परवानगी काढता," तुळईवरून साळुंकी म्हणाली.

पद्मरेखा पुढे आली आणि पंगतीच्या मधोमध तिने तो दात ठेवला.

"हा कुणाचा?" राजांनी विचारले.

"राक्षसाचा," साळुंकी म्हणाली. "सर्दीने गेला. पिढ्या झाल्या."

सुकेतूने दाताकडे पाहिले, मग वडिलांकडे पाहिले. वज्रकेतूंची मान खाली गेली आणि दुसऱ्याच क्षणी रागाने वर आली. खांब करकरले. छताचा चुना सोमदत्तांच्या भातात पडला. सोमदत्तांनी तो बाजूला सारला, भात कालवला आणि घास तोंडात घातला. मग दुसरा घेतला. त्यांच्या शेजारी येऊन सुकेतू बसला आणि त्यानेही घास घेतला. मग बंदराचे राजे जेवू लागले, मग खाणीचे. मनधरणीला कुणीच उठले नाही.

हादरा वाढला, आणखी वाढला. कुणी बघत नाही असे कळल्यावर मूल रडायचे थांबते, तसा तो एकाएकी थांबला. रोषमणी तडकला आणि दंडावरून गळून पडला. मणी गेला, शाप गेला. वज्रकेतूंच्या नाकाशी साजूक तुपाचा वास आला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

"खाण तुमची," ते हळूच म्हणाले. "बंदर तुमचं. तळं मी मागितलंच नाही असं समजा."

पण सोमदत्त सोडून बाकीच्या राजांना आता कंठ फुटला होता. खाणीचे राजे ओरडले, "एवढ्यावर भागत नाही! आता आम्ही वरपक्ष! याची कोठारं आमची. आणि याला पंगतीतून उठवा!"

"उठवा!" बाकीचे गरजले. दोघांनी वज्रकेतूंचे पान ओढूनही घेतले. रिकाम्या दंडाचा तो राजा, हात कुठे ठेवावेत ते न कळून बसून राहिला.

पद्मरेखेला तिसरे काम कळले. तिने पदर खोचला, पंगतीच्या मध्ये उभी राहिली, आणि दालनातल्या शेवटच्या वाढप्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ज्याचं त्याला मिळालं, तेवढं पुरे. चौरंग उचला. मामंजींना आबांच्या शेजारी, सगळ्यांच्या ओळीत पाट द्या. आजपासून या घरात कुणी रुसायचं नाही आणि कुणी कुणाला उठवायचं नाही. वाढा, भात निवतोय."