चाळीस मिनिटं

भोईटेनगरच्या एकुलत्या एका पटांगणावर महापालिकेला बहुमजली टॉवर उभा करायचा होता. गेल्या वर्षी तीन घरं जळाली तेव्हा माणसं जीव वाचवायला याच पटांगणात पळाली होती. आज समाजमंदिरात सुनावणी होती आणि मंजुरीची सहीही आजच व्हायची होती. बायका पोरांना घट्ट धरून बसल्या होत्या.

अधिकारी रणनवरेसाहेब घाम पुसत उशिरा आले. "गाडी नाक्यावरच सोडावी लागली. ही गल्ली आहे की बोळ?" ते करवादले. लिपिक इतिवृत्त लिहीत होता.

घरांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेच्या यास्मिन मुजावर दोन वर्षं टेप घेऊन इथल्या गल्ल्या मोजत होत्या. त्यांनी अहवाल पुढे केला. "साहेब, आग लागली तर बंब आत येणार नाही. पटांगणही गेलं तर माणसं पळणार कुठे?"

साहेबांनी अहवाल उघडलाही नाही. "नकाशात रस्ता सहा मीटर आहे. बंब पाच मिनिटांत दारात येईल. लिहून घ्या हो!"

महापालिकेच्या नकाशात सगळ्याच गल्ल्या ऐसपैस असतात.

यास्मिनताई लिपिकाकडे वळल्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, त्याआधी इतिवृत्ताची पहिली ओळ वाचता का?"

लिपिकाने वाचलं. "गल्ली अरुंद असल्याने साहेबांची गाडी आत येऊ शकली नाही. सबब सुनावणी चाळीस मिनिटे उशिरा सुरू."

"सुनावणी तुमच्यासाठी थांबली, साहेब," यास्मिनताई म्हणाल्या. "आग थांबेल का?"

साहेबांनी सहीसाठी उघडलेल्या पेनाला टोपण लावलं.